थेट एरोस्पेस की आधी गणित? मराठवाड्यातून जाणाऱ्या दोन वाटा

अवकाशक्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्या बारावीच्या विद्यार्थ्यापुढे मुख्यतः दोन वाटा असतात: पहिल्या वर्षापासूनच एरोस्पेस अभियांत्रिकी घेणे, किंवा गणिताची पदवी घेऊन पुढे तिकडे वळणे. मी दुसरी वाट धरली. नांदेडला बी.एस्सी. केले, नंतर आयआयटीतून एम.एस्सी. केले आणि आता हवेच्या प्रवाहाची समीकरणे संगणकावर सोडवतो. त्यामुळे माझे मत पूर्णपणे तटस्थ नाही, हे वाचकाने लक्षात घ्यावे.

पहिल्या वाटेचे बळ उघड आहे. तिरुवनंतपुरमची आयआयएसटी (भारतीय अंतराळ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था) २००७ मध्ये केंद्र सरकारच्या अवकाश विभागाने याच कामासाठी सुरू केली. मुंबई, मद्रास, कानपूर आणि खरगपूरच्या आयआयटींतही एरोस्पेसचा विभाग आहे. पवनबोगद्यात, म्हणजे वेगाने हवा सोडून चाचणी घेण्याच्या बोगद्यात, प्रतिकृती ठेवून तिच्यावरील दाब स्वतः मोजण्याची ज्याला ओढ आहे, त्याची भूक गणिताच्या वर्गात भागणार नाही.

माझ्यासाठी निर्णय झाला तो मात्र या दारापाशी पोहोचण्याच्या वेळापत्रकामुळे. या संस्थांतला प्रवेश ज्या परीक्षेवर ठरतो, ती जेईई अ‍ॅडव्हान्स्ड लागोपाठच्या दोन वर्षांत, दोनदाच देता येते. तिच्या आधीच्या टप्प्याची, म्हणजे जेईई मेनची, प्रश्नपत्रिका मराठीत मिळते, अ‍ॅडव्हान्स्डची फक्त इंग्रजी आणि हिंदीत. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेला मुलगा अकरावीला लातूरला खोली घेऊन राहतो, तेव्हा विषय, माध्यम आणि गाव ही तिन्ही एकदम बदलतात. माझे पहिले वर्ष तर व्याख्यानाचा वेग पकडण्यातच गेले. एखादे सूत्र कसे आले हे विचारावे, तर वर्ग पुढच्या प्रकरणावर गेलेला असे; आणि मला जो भाग मनापासून आवडू लागला होता, तो नेमका हाच होता. मुलाची समज स्थिरावण्याआधी दोन्ही संधी संपाव्यात, हे मला आजही खटकते. वर्षभर आधीपासून इंग्रजी पुस्तके वाचणाऱ्या मुलाला ही अडचण कदाचित जाणवणारही नाही.

गणिताच्या वाटेवरचे दार उशिरापर्यंत उघडे असते. आयआयटीतल्या एम.एस्सी.साठीची जॅम ही प्रवेशपरीक्षा पदवीच्या शेवटच्या वर्षी देता येते आणि तिला वयोमर्यादा नाही. परीक्षा तीही इंग्रजीतच आहे, पण तोवर भाषा अंगवळणी पडायला तीन वर्षे मिळालेली असतात. या वाटेच्या उणिवाही लहान नाहीत. गावाकडच्या महाविद्यालयात अपेक्षित प्रश्नसंचावर पदवी मिळून जाते, पण सिद्धता स्वतः लिहिण्याची सवय लागत नाही. ती लावण्यासाठी एमटीटीएससारख्या गणिताच्या उन्हाळी प्रशिक्षण शिबिराला जावेच, असे मी आग्रहाने सांगेन. शिवाय इस्रोच्या वैज्ञानिक-अभियंता पदांच्या जाहिराती प्रामुख्याने यांत्रिकी, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक शाखांच्या पदवीधरांसाठी असतात. गणितवाल्याला बहुधा संशोधनाच्या मार्गानेच आत शिरावे लागते, आणि घरच्यांना तितकी वर्षे थांबणे परवडेल का, हा प्रश्न खराच आहे.

तरीही विमानाच्या पंखाभोवतालच्या प्रवाहाचा अभ्यास शेवटी आंशिक विकलक समीकरणांपाशीच, म्हणजे जागा आणि वेळेनुसार होणारे बदल मांडणाऱ्या समीकरणांपाशीच, येतो. ती आधी शिकलेल्या माणसाला पंखही शिकता येतो आणि हवामानही. अठराव्या वर्षी शाखा पक्की करण्याचे दडपण त्याच्यावर नसते. सतीश धवन यांनी लाहोरला गणित-भौतिकशास्त्राची पदवी घेतली, इंग्रजी साहित्यात एम.ए. केले, मग यांत्रिकी अभियांत्रिकी केली आणि त्यानंतर अमेरिकेत ते वैमानिकीकडे गेले. १९७२ मध्ये ते इस्रोचे अध्यक्ष झाले. सगळ्यांची वाट अशी होत नाही, पण उशिरा वळल्याने त्यांचे काही अडले नाही.

यंत्र हातात घेऊन पाहण्याची ओढ ज्याला आतापासूनच आहे, त्याने एरोस्पेसच घ्यावे. बाकीच्यांनी माझ्या मते गणिताचा गंभीरपणे विचार करावा आणि बारावीच्या वर्षी जेईईबरोबरच चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आणि बंगळुरूच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अर्जही भरावेत. त्यांच्या प्रवेशपरीक्षांचा अभ्यासक्रम बराचसा जेईईचाच असतो, मात्र तिथे उत्तराइतकीच त्यामागची कारणमीमांसाही लिहून दाखवावी लागते. दोन्ही संस्थांच्या जुन्या प्रश्नपत्रिका त्यांच्या संकेतस्थळांवर मोफत मिळतात, आणि त्यातल्या दोन-चार सोडवताना मन रमते की कंटाळते, हे दिवाळीच्या सुट्टीतच पाहून घेता येईल.