वारंवार गर्भपातासाठीचं ‘इम्यून पॅनेल’: कामाच्या तपासण्या तीनच

वारंवार होणाऱ्या गर्भपातामागे रोगप्रतिकारक कारण आहे का, हे शोधणाऱ्या रक्ततपासण्यांचं हे पॅकेज. रक्त घेण्याची व्यवस्था उत्तम, पॅकेजची रचना वाईट आणि रिपोर्टनंतर येणारे फोन त्याहून वाईट. लॅबचं नाव लिहीत नाही. असंच पॅकेज थोड्याफार फरकानं बऱ्याच लॅबमध्ये मिळतं, त्यामुळे नावापेक्षा आत काय आहे ते बघा.

मी ऑडिटमध्ये काम करते. लागोपाठ गर्भपात झाल्यावर ही यादी हातात पडली, तेव्हा सवयीनं प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहिला: हे पॉझिटिव्ह आलं तर उपचारात काय बदलेल? बहुतेक ओळींपुढे लिहायला काही सापडलं नाही. सापडलं ते तीन ठिकाणी: ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-टू ग्लायकोप्रोटीन वन. तिन्ही तपासण्या रक्तातल्या अँटीबॉडी (प्रतिपिंडं) शोधतात. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजे या अँटीबॉडींमुळे गुठळ्या आणि गर्भपात होण्याचा आजार, ठरतो तो या तिघांवर, आणि वारंवार गर्भपाताच्या रोगप्रतिकारक कारणांपैकी सर्वांत भक्कम पुरावा याचाच आहे. या अँटीबॉडी रक्तात गुठळ्या करतात हे खरंच, पण गर्भपात फक्त गुठळीनं होतो असं नाही. त्या वारेच्या पेशींना थेट चिकटतात, तिथे दाह सुरू होतो आणि वार गर्भाशयात नीट रुजत नाही.

आता लॅबचं कौतुक. ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंटचा नमुना त्यांनी घरी येऊन घ्यायला नकार दिला, केंद्रावरच बोलावलं. तेव्हा कंटाळा आला होता, पण ते बरोबर होतं. हे रक्त सायट्रेटच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) ट्यूबमध्ये घेऊन काही तासांत दोनदा सेंट्रिफ्यूज करावं, म्हणजे यंत्रात वेगानं फिरवून पेशी वेगळ्या काढाव्या लागतात, कारण प्लेटलेट उरल्या तर निकाल बिघडतो. रक्त घेणाऱ्या ताईंनी हेपरिन किंवा रक्त पातळ करणारं दुसरं औषध चालू आहे का, शेवटचा गर्भपात कधी झाला, हेही विचारून लिहून घेतलं. तपासणी दोन पद्धतींनी केली होती. त्यातल्या एकीत घोणसाचं विष वापरतात, अगदी विरळ करून. ते रक्त गोठवतं, आणि अँटीबॉडी असतील तर नळीत गोठायला जास्त वेळ लागतो. शरीरात मात्र याच अँटीबॉडी गुठळ्या वाढवतात. हा उलटा हिशेब पचायला मला वेळ लागला.

माझ्या रिपोर्टात अँटिकार्डिओलिपिन आयजीएम (त्या अँटीबॉडीचा एक प्रकार) 22, लाल अक्षरात, शेजारी ‘पॉझिटिव्ह’. बाकी दोन निगेटिव्ह. पॅकेजची खरी खोट इथे आहे. या आजाराच्या निदानासाठीच्या 2006 च्या सिडनी निकषांत ही पातळी 40 च्या वर लागते आणि किमान 12 आठवड्यांनी पुन्हा तशीच यावी लागते, कारण साध्या संसर्गानंतरही या अँटीबॉडी तात्पुरत्या वाढतात. रिपोर्टावर 12 आठवड्यांचा उल्लेख कुठेच नाही, पॅकेजमध्ये दुसरी तपासणी नाही. निदानासाठी जी गोष्ट अटळ आहे, तीच वेगळी विकत घ्यायची!

हा फरक किरकोळ नाही. निदान पक्कं असेल तर कमी डोसची अ‍ॅस्पिरिन आणि हेपरिनची इंजेक्शनं देतात. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या, 90 स्त्रियांवरच्या ब्रिटिश चाचणीत या जोडीनं 71 टक्के गर्भारपणं जिवंत बाळापर्यंत पोहोचली. नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर 42 टक्के. पण कारण न सापडलेल्या गर्भपातांत हीच जोडी देऊन पाहिली, तेव्हा 2010 च्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. म्हणजे एका लाल आकड्यावरून महिनोन्‌महिने इंजेक्शनं टोचून पोट काळंनिळं करून घ्यायचं की नाही, हे त्या दुसऱ्या तपासणीवर ठरतं. माझी दुसऱ्यांदा नॉर्मल आली.

उरलेली यादी थोडक्यात. एएनए (स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटीबॉडी) 1:80, म्हणजे रक्त 80 पट विरळ करूनही, पॉझिटिव्ह: निरोगी माणसांतही दर शंभरात साधारण तेरा जणांत सापडतो. सांधे दुखणं, चट्टे, तोंड येणं असं काही नसेल तर नुसत्या त्या आकड्यावर गर्भपातासाठी औषध द्यायला आधार नाही. थायरॉइडच्या टीपीओ अँटीबॉडींचा गर्भपाताशी संबंध दिसतो, पण टीएसएच (थायरॉइडचं काम कसं चाललंय ते दाखवणारं संप्रेरक) नॉर्मल असताना थायरॉइडची गोळी देऊन उपयोग झाला नाही. 2019 च्या चाचणीत गोळी घेणाऱ्या 37.4 टक्के आणि न घेणाऱ्या 37.9 टक्के स्त्रियांना बाळ झालं. तरी थायरॉइडसाठी ही तपासणी ठेवा, पुढे टीएसएच वाढतोय का यावर लक्ष राहतं. रक्तातल्या एनके पेशी (‘नॅचरल किलर’, एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मोजणं मात्र सरळ काढून टाका.

आणि ते फोन. रिपोर्ट आल्याच्या संध्याकाळी ‘समुपदेशक’ म्हणवणाऱ्या बाईंनी इंट्रालिपिडची (शिरेतून द्यायच्या स्निग्ध द्रावाची) सलाइन सुचवली, मग नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी टोचण्याचा उपचार. या दुसऱ्याची चाचणी 1999 मध्येच अपयशी ठरली आहे. मी पुरावा विचारला तर म्हणाल्या, “मॅडम, बऱ्याच जणींना गुण आलाय.” नुकतंच मूल गमावलेल्या बाईला असा फोन करणं मला संतापजनक वाटतं.

पाचपैकी दोन तारे, दोन्ही रक्त घेणाऱ्या ताईंना. तुमच्या डॉक्टरांकडून अँटिफॉस्फोलिपिडच्या त्या तीन तपासण्या सुट्या लिहून घ्या, दोन्ही वेळा एकाच लॅबमध्ये करा आणि पहिल्याच दिवशी 12 आठवड्यांनंतरची तारीख ठरवून या. संपर्कासाठी नंबर मागतील, तिथे ‘फक्त रिपोर्टसाठी’ असं लिहा.