रिकव्हरी कोर्ट घ्यावं की साधं प्रोबेशन?

ड्रगच्या केसमध्ये अडकलं की वकील म्हणतो, रिकव्हरी कोर्टाला, म्हणजे तुरुंगाऐवजी कोर्टाच्या देखरेखीखाली व्यसन सोडवणाऱ्या कार्यक्रमाला, अर्ज करू. घरचे म्हणतात, साधं प्रोबेशन घे, म्हणजे ऑफिसरच्या देखरेखीखाली बाहेर राहा, आणि मोकळा हो. न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींकडून हा प्रश्न अधूनमधून येतो, तोही दबक्या आवाजात. गोळ्यांच्या नादापायी मी दोन्हींतून गेलोय. आधी साधं प्रोबेशन, आणि ते मोडल्यावर रिकव्हरी कोर्ट, म्हणजे २०२२पर्यंतचं ड्रग कोर्ट.

एच-१बी किंवा ग्रीन कार्डावर असाल, तर आधी इमिग्रेशनचा वकील गाठा. रिकव्हरी कोर्टात प्रवेशासाठी गुन्हा कबूल करावा लागतो. पुढे राज्याने रेकॉर्ड पुसलं तरी फेडरल इमिग्रेशन कायद्याच्या लेखी तुम्ही दोषीच राहता, आणि ड्रगच्या केसमध्ये तेवढ्यावरून देशाबाहेर काढू शकतात. साध्या प्रोबेशनलाही हा धोका आहेच. पहिलीच केस असेल आणि कबुली न देता पीटीआय (खटला न चालवता केस मिटवणारा कार्यक्रम) मिळत असेल, तर हे दोन्ही पर्याय बाजूला ठेवा.

आता वरवर पाहिलं तर साधं प्रोबेशन केव्हाही सोपं. ठरलेल्या तारखेला जायचं, फॉर्म भरायचा, यायचं. नोकरीत कुणाला पत्ता लागत नाही. रिकव्हरी कोर्टाची मुदत पाच वर्षांपर्यंत जाऊ शकते. सुरुवातीला दर आठवड्याला कोर्टात हजेरी, शिवाय समुपदेशन, मीटिंगा, रात्री ठरल्या वेळी घरात. काहींना आधी काही महिने निवासी उपचार. चुकलात तर निबंध, समाजसेवा किंवा थोडे दिवस तुरुंग. कार्यक्रमातूनच काढलं, तर कबुलीच्या वेळी ठरलेली शिक्षा समोर उभी.

तरी माझं पारडं झुकलं ते एका गोष्टीने. आमच्या काउंटीतल्या साध्या प्रोबेशनला लघवीची तपासणी भेटीच्या दिवशीच व्हायची, आणि भेटीची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर आधीच लिहिलेली. व्यसनी माणसाला यापेक्षा जास्त काय लागतं? भेटीच्या आधीचे काही दिवस कोरडे काढायचे, बाहेर आलं की महिना आपला. ऑफिसर वाईट नव्हते, पण दर वेळी वेगळेच असायचे, आणि फाइल वाचायला त्यांना वेळ नसायचा. त्या सवलतीचा मला फार राग यायचा.

रिकव्हरी कोर्टात पहाटे उठून एका नंबरला फोन लावायचा. रेकॉर्ड केलेला आवाज त्या दिवसाचा रंग सांगतो. तुम्हाला नेमून दिलेला रंग लागला तर त्याच दिवशी तपासणीला जायचं, ऑफिसमध्ये डेमो असो की घरी सत्यनारायण. कुणीतरी शेजारी उभं असताना नमुना द्यायचा. धाकधुकीने ढसाढसा पाणी पिऊन गेलात तर नमुना पातळ येतो आणि तोही तुमच्याच अंगावर शेकतो. खसखस पूर्ण बंद, कारण तिने तपासणीत अफूचा अंश दिसू शकतो. दिवाळीत काकूंनी ओक ट्री रोडवरून आणलेले अनारसे मी हातात घेऊन परत ठेवले, तेव्हा बैठकीत सगळे गप्प झाले. वैताग आहेच, पण उद्या कोणता रंग येईल हे माहीत नसल्यामुळे आज रात्री काही ठरवता येत नाही. मला नेमकं तेच हवं होतं.

सुनावणी खुली असते, त्यामुळे ओळखीचं कुणी भेटण्याची भीती राहते. अफूजन्य गोळ्यांची ओढ कमी करणारं ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध डॉक्टरांनी दिलं असेल तर त्या कारणावरून कार्यक्रमातून काढता येत नाही. राज्यात २०१५पासून तसा कायदा आहे. कार्यक्रम पूर्ण केल्यावर जुन्या केसेससकट रेकॉर्ड पुसून मिळू शकतं. साध्या प्रोबेशननंतर त्यासाठी बरीच वर्षं थांबावं लागतं.

व्यसन खोल नसेल, कधीमधी घेताना पकडले गेला असाल, तर मात्र एवढा फास कशाला? अशांचं यात भलं होण्यापेक्षा नुकसानच होतं, असं हे कोर्ट चालवणारेही मानतात. आणि लहान मुलं, दोन शिफ्ट, गाडी नाही, अशी परिस्थिती असेल तर पहाटेचा फोन पेलेल का, हे घरच्यांना विचारून ठरवा.

बाकी बरंचसं न्यायाधीशावर असतं. सही करण्याआधी एखाद्या सकाळी मागच्या बाकावर जाऊन बसा, आणि तपासणीत नापास झालेल्या माणसाशी न्यायाधीश कसे बोलतात ते ऐका. वकिलाकडून एकच आकडा लिहून घ्या: कार्यक्रमातून बाहेर काढलं तर किती वर्षं आत.