मुंबई विद्यापीठाचे नामवंत विद्यार्थी : फोर्टातली अडीच तासांची पायपीट

मी याच विद्यापीठाचा बी.कॉम. नोकरी नुकतीच लागली होती म्हणून पदवीदान समारंभाला गेलो नाही, ते राहूनच गेलं. त्यामुळे रविवारी सकाळी ४०० रुपये भरून या माहितीफेरीला गेलो.

सुरुवात ओव्हल मैदानातून. समोर राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंदांनी पैसे दिले आणि आईचं नाव लावलं, हे माहीत होतं. पण १८५७ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाची बी.ए.ची पहिली तुकडी १८६२ ची, आणि त्यात होते फक्त चौघे, हे नव्यानेच कळलं : रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक, बाळ मंगेश वागळे. चौघेच! आमच्या वर्गात हजेरीला दोनशे नावं होती. त्यात रानडे जन्माने निफाडचे आणि मीही निफाडचाच, म्हणून जरा जास्तच छाती फुगली.

पुढे पहिल्या महिला पदवीधर कॉर्नेलिया सोराबजींवर माहिती सांगणारी मुलगी मन लावून बोलली. एल्फिन्स्टन कॉलेजसमोर मात्र घाई झाली. बाबासाहेब इथूनच १९१२ मध्ये अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाले, त्यांना जेमतेम पाच मिनिटं? आणि ती गेली सेल्फीत.

विद्यापीठाचं सभागृह बाहेरूनच दाखवतात, हे पैसे घेण्याआधी सांगायला हवं होतं. माईकही खरखरत होता. पाचपैकी साडेतीन. पाण्याची बाटली घरून न्या.