लाकडी लगोरी सेट (७ चकत्या + बॉल): चकत्या मस्त, बॉल द्या टाकून

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या बिल्डिंगमधल्या आयांनी ठरवलं की दर शनिवारी एकीच्या घरी सगळी पोरं जमवायची. पहिले दोन शनिवार छान गेले कारण ते माझ्याकडे नव्हते 😄 तिसरा माझ्या वाट्याला आला. ११ पोरं, सगळ्यात धाकटी साडेचार वर्षांची आणि सगळ्यात थोरला दहाचा, आणि आमचा डोंबिवलीतला वन बीएचके, म्हणून सेक्रेटरींकडून गच्चीची किल्ली मागून घेतली आणि हा सेट मागवला. ३४९ ला पडला.

आधी चकत्यांबद्दल. सात आहेत, खालची साधारण डब्याच्या झाकणाएवढी आणि वरची पुरीएवढी, रचल्यावर वीतभर उंची होते. कडा नीट घासलेल्या आहेत, कुठे कुसळ नाही, हे मी सगळ्यात आधी हात फिरवून बघितलं. रंगाचे मात्र दुसऱ्याच दिवशी टवके उडायला लागले, त्याचं मला काही नाही, आम्ही फुटक्या फरशीच्या तुकड्यांवर खेळलोय. एक सांगते, हे पेव्हर ब्लॉकवर रचू नका, खालची चकती डुगडुगते आणि मग "आपोआप पडली, आपोआप पडली" यावरून दहा मिनिटं भांडणं. गच्चीच्या सपाट लादीवर एकदम बेस्ट.

बॉल म्हणजे निव्वळ फसवणूक. हलका पोकळ प्लास्टिकचा, वाऱ्यावर भलतीकडेच जातो, चकत्यांना लागला तरी एखादीच हलते. शेवटी खालच्या मजल्यावरून केस गेलेला जुना टेनिस बॉल आणला तेव्हा कुठे खेळ सुरू झाला. रबरी बॉल देऊ नका, पाठीत शेकला की लहान पोरं परत गच्चीवर येत नाहीत. आम्ही नियम केला, गुडघ्याच्या खालीच मारायचं.

आता चार स्टार का. आधीच्या शनिवारी एकीकडे संगीत खुर्ची झाली होती, त्यात जो आऊट होतो तो रिकामा, आणि रिकामं पोर म्हणजे काय ते सांगायला नको. पाचव्या मिनिटाला तिघं फ्रीज उघडून उभी होती. लगोरीत डाव फुटला की सगळे एकदम कामाला, एक टीम रचायला धावतेय, दुसरी बॉलच्या मागे, बाजूला बसून तोंड पाडायला कोणाला वेळच नाही. थोरल्याला खरं तर खो-खो खेळायचा होता, २०२५ च्या वर्ल्डकपपासून भारताचा कॅप्टन प्रतीक वाईकर म्हणजे त्याचा देव, पण खो-खोला नुसतं बसायलाच आठ जण लागतात, अकरात कुठून आणायचे. तासाभराने स्वारी स्वतःच लगोरीचा कॅप्टन झाली होती.

सेटमध्ये नियमांचा कागद येतो, हिंदी-इंग्रजीत, पिट्टू या नावाने, तो कोणी वाचत नाही. पण टीम कशा पाडायच्या हे त्यात नाहीये आणि खरा प्रॉब्लेम तिथेच असतो. कॅप्टनने एकेकाला निवडायला लागलं की शेवटी उरतो त्याचं रडणं ठरलेलं. आमच्या लहानपणीची पद्धत काढली, साधारण सारख्या वयाची दोघं-दोघं बाजूला जाऊन नावं ठेवून यायची, "चंद्र हवा की सूर्य?" मग कॅप्टनने मागायचं. टीमही सारख्या होतात आणि कोण कोणाला नको होतं तेही कळत नाही. पोरांनी "भटुरा की मोमो" वगैरे नावं ठेवली, चालायचंच. दोन कॅप्टन धरून पाच जोड्या झाल्या, उरली साडेचारवाली, ती कच्चा लिंबू, दोन्हीकडून खेळणार. तिला बॉल लागला तरी आऊट नाही, आणि रेष तिच्यासाठी पाच पावलांवर, मोठ्यांना दहा. ही बया दर वेळी सगळ्यात छोटी चकती मुठीत धरून बसायची, सगळे "ठेव ठेव ठेव" ओरडतायत आणि ती आधी फुंकर मारून धूळ उडवणार, मग ठेवणार, मग स्वतःच "लगोरी!" म्हणून किंचाळणार. दोन डाव हिच्यापायी गेले.

लगोरी सलग पाऊण तासाच्या वर ताणू नका, मग पोरं दमून चिडचिडी होतात. मी त्याच चकत्या एकेकाच्या डोक्यावर ठेवून चालायची रेस लावली, आणि खाऊच्या आधी सगळ्यांना जागेवर आणायला "शिवाजी म्हणतो". शिवाजी म्हणतो हात धुवा, यावर मात्र सगळे आऊट.

बॉलसाठी एक स्टार कापलाय. आणि हो, छोटी चकती परवा डक्टमध्ये पडली (कोणामुळे ते ओळखा), विकणाऱ्याला विचारलं सुटी मिळेल का, तर पूर्ण सेट घ्या म्हणतोय. सध्या तिथे लोणच्याच्या बरणीचं झाकण चाललंय.