कोपऱ्यातलं टेबल, चौदा महिन्यांनंतर

१६,२२० रुपये. आकडा आधीच सांगून टाकते, कारण घरी येणारं प्रत्येक माणूस माझ्या एल आकाराच्या टेबलावरून हात फिरवतं आणि पहिला प्रश्न हाच विचारतं. मग "एवढं?" म्हणतं. हो, एवढं. प्लायवुडच्या दोन शीटांचे ६,७२०, सनमायकाचे २,६००, चॅनल, बिजागऱ्या, कुलूप, स्क्रू आणि फेविकॉल मिळून १,९००, आणि सुतारांची मजुरी ५,०००.

मी बेळगावच्या शहापुरात राहते आणि घरी बसून कागदपत्रांचं भाषांतर करते. कन्नडचं मराठी, मराठीचं कन्नड, कधी दोन्हींचं इंग्रजी. वकील, बँकेचं कर्ज काढणारे, वाटणीत अडकलेली भावंडं ही माझी गिऱ्हाइकं. ऑफिस म्हणजे पुढच्या खोलीचा एक कोपरा. एका भिंतीला साडेपाच फूट, दुसरीला साडेचार. तिथून पुढे सासूबाईंचा पलंग सुरू होतो आणि त्या हद्दीबद्दल बोलणी होत नाहीत.

याआधी याच कोपऱ्यात ऑनलाइन मागवलेलं तयार टेबल होतं. आठ हजार चारशे नव्याण्णवचं. फोटोत फार देखणं दिसत होतं. मे महिन्यात आलं, मुलानं दोन तासांत जोडलं. ऑगस्टमध्ये भिंतीकडची कड भिजवलेल्या पावासारखी फुगली. भुसा दाबून केलेला बोर्ड होता तो, वर नुसता कागदी मुलामा. बोर्डात एकदा ओल शिरली की स्क्रू धरत नाही. खण खाली झुकला, मग ओढला की निघून हातातच येऊ लागला. कंपनीला फोन केला तर पाण्यानं झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही म्हणाले. पाणी कुणी ओतलं होतं? आमची पश्चिमेची भिंत आहे, आणि बेळगावचा पाऊस खाली पडण्याआधी आडवाच येतो. जून ते सप्टेंबर त्या भिंतीला हात लावला तर तळवा गार पडतो. हे त्यांना कसं समजावणार?

तेही चालवून घेतलं असतं. पण एका गिऱ्हाइकाचं मूळ वाटणीपत्र हरवलं. दोन दिवस अख्खं घर उलटंपालटं केलं. तिसऱ्या दिवशी टेबल पुढे ओढलं, तर फुगलेली फळी आणि भिंत यांच्यामध्ये कागद उभा अडकलेला. खालच्या कोपऱ्याला ओल लागलेली, पण शाई शाबूत. त्याच संध्याकाळी नवऱ्यानं सुतारमामांना बोलावलं.

मामा वडगावचे. आले, चहा घेतला, आणि टेप काढायच्या आधी काटकोन तपासायचा गुण्या काढला. कोपऱ्यात धरून बघितला आणि मान हलवली. मग पेन्सिलीनं एका भिंतीवर तीन फुटांवर खूण, दुसरीवर चार फुटांवर खूण, आणि दोन खुणांमध्ये टेप. बरोबर पाच फूट भरलं तर कोपरा काटकोनात. आमचं पाच फूट चार सूत भरलं. म्हणजे अर्धा इंच जास्त.

"वहिनी, भिंत गुण्यात नाही हो तुमची."

"मग काय करायचं?"

"काय करायचं की. भिंत तर पाडता येत नाही. टेबल गुण्यात करू, भिंतीला राहू दे तिच्या मनानं."

जुन्या घरात राहणाऱ्यांनी हे आधी मोजून घ्यावं. तयार टेबल काटकोनातच येतं, आमच्या गल्लीतला एकही कोपरा तसा नाही. एका टोकाला टेबल भिंतीला घासतं आणि दुसऱ्या टोकाला पेन पडेल एवढी फट राहते. आम्ही सगळीकडूनच दोन इंच जागा सोडली. त्यामुळे वाकडेपणा झाकला गेला, आणि मुख्य म्हणजे मागून हवा खेळती राहिली. कागद तिथून खाली पडू नये म्हणून मागच्या कडेला इंचभर उंचीची सागवानी पट्टी मारून घेतली. वाटणीपत्राची आठवण आहे ती.

प्लायवुड आम्ही दोघांनी जाऊन खानापूर रस्त्यावरून आणलं. १८ मिलिमीटरचं, शिक्क्यावर आयएस ७१० बघून. दुकानदार स्वस्तातलं, ३०३ चं, एमआर शिक्क्याचं दाखवत होता. तेही वाईट नाही, पण ते दमट हवा सोसण्यापुरतं. ७१० हा उकळत्या पाण्याच्या चाचणीला टिकणाऱ्या मालाचा शिक्का. मामा म्हणाले होते, "पैसे वाचवायचेच असतील तर सनमायकात वाचवा, प्लायमध्ये नको." हा सल्ला सोळा आणे खरा निघाला. एक अख्खा पावसाळा गेलाय, कुठंही कड फुगलेली नाही, खण अजून एका बोटानं सरकतात.

उंचीवरून मात्र आमचं भांडण झालं. मामांच्या डोक्यात टेबल म्हणजे तीस इंच, त्याच्या खाली बोलणं नाही. मी जेमतेम पाच फूट. तीस इंचांच्या टेबलावर टाइप केलं की खांदे वर ओढले जातात आणि रात्री मान धरते. खुर्चीवर पाय जमिनीला टेकवून बसले, हात कोपरात वाकवले आणि कोपर जिथं आलं तिथपासून मोजायला लावलं. साडेसत्तावीस ठरलं. मामा पुटपुटत होते, "शाळेचं बाक झालं हे." चौदा महिन्यांत मानेला तेल लावावं लागलेलं नाही. पण मुलगा सहा फुटी, तो रात्री अभ्यासाला बसला की त्याचे गुडघे खालच्या फळीवर आपटतात. कीबोर्डचा सरकता ट्रे मामांनी न विचारता बसवला होता, तो तर आठवड्यात काढून टाकला. एक टेबल दोन उंचींच्या माणसांना पुरत नाही हे आधी कळायला हवं होतं.

आता मुद्द्याचं. टेबल एल आकाराचं आहे म्हणून आवरलेलं राहतं असं नाही. पहिले तीन महिने मी साडेपाच फुटांच्या बाजूला संगणक ठेवून बसत होते, समोर कागद, बाजूला कागद, आणि कोपऱ्यात जे कुठंच बसत नाही ते सगळं. कोपरा म्हणजे अडगळीचा खड्डा झाला होता. बाम, जुने चार्जर, लग्नाच्या पत्रिका, सासूबाईंच्या गोळ्यांची चिठ्ठी. शिवाय टेबलाची खोली बावीस इंच, त्यामुळे संगणकाचा पडदा नाकासमोर.

एक दिवस सगळं उतरवलं आणि पडदाच कोपऱ्यात नेला. आतल्या बाजूचा टोकदार कोपरा मामांनी आधीच तिरका कापून दिला होता, त्याचा उपयोग तेव्हा कळला. खुर्ची त्या तिरक्या कापाशी येते, पडदा हातभर लांब जातो, आणि दोन्ही बाजू दोन्ही हातांखाली मोकळ्या राहतात. नवरा उद्यमबागेत कारखान्यात आहे, त्यानं पट्ट्यांचे तुकडे जोडून पडद्यासाठी लोखंडी स्टँड करून आणला. वजनाला दगड आहे, पण हलत नाही. पडद्याची वरची कड आता डोळ्यांच्या रेषेत येते.

मग एकच नियम केला. डावी बाजू मूळ कागदाची, उजवी माझ्या कागदाची. गिऱ्हाइकाचं मूळ उजवीकडे जात नाही, माझे छापील कच्चे मसुदे डावीकडे येत नाहीत. चहाचा कप उजवीकडेच. खिडकी डाव्या हाताला आहे, त्यामुळे मूळ कागदावर उजेड पडतो आणि पडद्यावर चकाकी येत नाही. दोन भाषांसाठी दोन कीबोर्ड लागत असतील असं लोकांना वाटतं. लागत नाहीत. इनस्क्रिप्टमध्ये देवनागरी क आणि कन्नड क एकाच कळीवर आहेत, बोटांना फरक कळत नाही. तेवढीच जागा वाचली.

डाव्या बाजूच्या वर भिंतीपासून सुटं, दोन बाजूच्या फळ्यांवर उभं असं कप्प्यांचं कपाट आहे. यात मी अक्कल लावली याचा मला थोडा अभिमान आहे. सुरुवातीला गिऱ्हाइकांच्या नावांप्रमाणे कप्पे केले होते. ते टिकलं नाही, कारण एकेका घराचे कागद तीन जातींचे असतात. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं. त्यामुळे इथल्या जुन्या घरांचे कागद संस्थानी शिक्क्याचे, कित्येक मोडी लिपीत. त्यानंतर मुंबई राज्यातले, देवनागरीतले. १९५६ साली आम्ही तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलो, मग हळूहळू कन्नड, ते थेट आजच्या 'भूमी' या सरकारी जमीन-नोंदींच्या संगणकावरून निघालेल्या उताऱ्यापर्यंत. तेव्हा तीन आडवे कप्पे केले: मोडी, मराठी, कन्नड. एका घराचं काम आलं की त्याचे कागद तिन्हींत वाटते आणि प्रत्येक गठ्ठ्याला त्या घराच्या रंगाची फीत बांधते. रंगाची वही वेगळी. सीमाप्रश्न सुटेल तेव्हा सुटो, माझ्या कपाटात तो वरून खाली नीट लावलेला आहे.

मोडी कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. मी ठेवले होते. आत घाम धरला आणि बुरशीचे ठिपके दिसायला लागले. आता जुन्या दप्तरखान्यांसारखे सुती रुमालात बांधते. सासूबाईंचं विरलेलं शहापुरी लुगडं होतं, त्याचे सहा रुमाल निघाले. प्रत्येकात वेखंडाचा तुकडा. सासूबाई अधूनमधून येऊन आपलं लुगडं चाचपून जातात.

बारीक सामानाला कुंद्याच्या मिठाईचे डबे. बेळगावात कुणाकडे ते नसतात? पाव किलोच्या डब्यात टाचण्या आणि क्लिपा, अर्ध्या किलोच्यात शिक्के आणि शाईचा पॅड. खडेबाजारातून तीनशे रुपयांचा जाळीचा ऑर्गनायझर आणला होता, त्याच्या जाळीत टाचण्या अडकतात. तो आता चमचे ठेवायला स्वयंपाकघरात आहे.

वायरींचं काम इलेक्ट्रिशियनचं नव्हे, मामांचंच. टेबलाच्या पोटाला दीड इंची केसिंग पट्टी मारली, सगळ्या वायरी तिच्यात. एक्स्टेन्शन बोर्डही खालून स्क्रूनं बसवला. यूपीएस जमिनीपासून चार इंच वर फळीवर, कारण आमच्याकडे फरशी पुसणाऱ्या मावशी बादलीभर पाणी ओतल्याशिवाय पुसली असं मानत नाहीत. प्रत्येक प्लगला चिकटपट्टीवर नाव आहे. तरीही मुलगा विचारायचा तेच विचारतो.

"काय शोधूलास रे?"

"चार्जर कुठला गं माझा?"

लिहिलंय की त्याच्यावर.

खोडी सांगायला हव्यात. सनमायका पांढरा घेतला ही माझी चूक. दुकानात स्वच्छ वाटला, घरी दुपारी डोळ्यांत जातो आणि शाईचा प्रत्येक डाग चारचौघांत मिरवतो. राखाडी, बिनचकाकीचा घ्यायला हवा होता. कोपऱ्याच्या खालची जागा फुकट गेली. तिथं हात पोचत नाही, केरसुणी पोचत नाही, फक्त शेजारचं मांजर पोचतं. खालचा मोठा खण फार खोल झालाय, त्यात फायली आडव्या पडतात आणि तळाची फाईल म्हणजे विहिरीतली बादली. दोन उथळ खण सांगायला हवे होते.

आणि वेळ. आठ दिवस म्हणाले, एकोणीस लागले. मध्ये गणपती आले. मामांनी मंडळाच्या मखराचं काम घेतलं होतं आणि आमच्या पुढच्या खोलीत अर्धवट टेबल, रंधा आणि भुसा. गौरी त्या भुशातूनच आत आल्या. रागावणार होते, पण मखर बघून आले आणि गप्प बसले. सुंदर केलं होतं.

ज्यांचं काम एका लॅपटॉपवर होतं त्यांनी कोपऱ्याचं टेबल करू नये. चार फुटांचं सरळ टेबल पुरतं, सात-आठ हजारांत होतं, आणि मोकळी राहिलेली दुसरी बाजू भरायचा मोह होत नाही. ज्यांना कागदाकडून पडद्याकडे आणि पडद्याकडून कागदाकडे दिवसभर वळायचं असतं, म्हणजे हिशेबनीस, नकाशे काढणारे, शिवणकाम आणि मापांची वही सांभाळणाऱ्या बायका, त्यांनी जरूर करावं. पाचांपैकी चार तारे देईन. अर्धा सनमायकाला कापला, तो माझ्या खात्यावर. उरलेला अर्धा मामांचा.

तो कशाबद्दल, तर वरच्या खणाच्या कुलपाला दोन किल्ल्या होत्या. एक माझ्या मंगळसूत्राला अडकवलेली असते. दुसरी कुलूप बसवताना मामांनी आपल्या पिशवीत टाकली ती चौदा महिने तिथंच आहे. परवा फोन केला तर म्हणाले, "आयतवारी आणून देतो की, वहिनी."