डेकच्या फळ्या पाहिल्या, पाईप मोजायचे राहिले

मुलुंडला आमचा सगळ्यात वरच्या मजल्यावर टेरेस फ्लॅट आहे. एप्रिलमध्ये गच्चीवर १० बाय ८ फुटांचं डेक, म्हणजे फळ्यांची जमीन, करून घेतलं. सागवान परवडेना, आणि दर पावसाळ्यानंतर पॉलिशचा व्याप कोण करणार? म्हणून डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून काढलेल्या फळ्या. ठेकेदाराने दाखवलेला नमुना भरीव होता, हातात चांगला जड लागत होता. दर ४५० रुपये स्क्वेअर फूट, फ्रेमसकट. फ्रेम म्हणजे फळ्यांखालचा लोखंडी पाईपांचा सांगाडा. कोटेशनमध्ये 'फ्रेम' एवढाच शब्द, आणि मेख तिथेच होती.

आम्ही दोघंही नोकरीवर. दुसऱ्या संध्याकाळी घरी येऊन बघते तर फळ्या बसूनही गेल्या होत्या. क्लिपा लपलेल्या, त्यामुळे वर स्क्रूची रांगसुद्धा दिसेना. रंग मात्र झकास. मी उभ्या उभ्या उरलेले पैसे पाठवून मोकळी झाले.

गणपतीत सासूबाई प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या आणि खुर्चीच्या पायाखालची फळी कडकन मोडली. नशीब, त्या पडल्या नाहीत. तुटक्या फळीत डोकावले तर आत नुसत्या पोकळ्या. नमुना भरीव, माल पोकळ! पोकळ फळीही चालते, पण तिला खाली जवळजवळ आधार हवा. टेप लावली, तर पाईप दोन-दोन फुटांवर. हवे होते फुटाफुटावर. १० फुटांत ११ पाईप लागले असते, पठ्ठ्याने ६ मध्ये भागवलं. अंतर दुप्पट झालं की मधोमध पडणाऱ्या त्याच वजनाने फळी दुप्पट नाही, आठपट वाकते. पाच पाईपांसाठी हे सगळं! वर प्रायमरचा पत्ता नाही, वेल्डिंगपाशी गंज धरलेला.

"वहिनी, खुर्चीचा पाय बारीक आहे, वजन एकाच जागी येतं," हे त्याचं उत्तर. त्यानंतर फोन उचलणं बंद.

तुम्ही करणार असाल तर पाईपांमधलं अंतर, पाईपाचं माप आणि जाडी, फळी भरीव की पोकळ, स्क्रू आणि क्लिपा स्टेनलेस स्टीलच्या का, सगळं कोटेशनवर लिहून घ्या. फळ्या तिरक्या हव्या असतील तर अंतर आणखी कमी लागतं. फ्रेम झाली की फळ्या चढण्याआधी स्वतः मोजा, त्यासाठी एक रजा गेली तरी जाऊ दे. शेवटचा हप्ता त्यानंतरच. आणि फ्रेम बसवायला गच्चीत ड्रिल मारू देऊ नका, खाली वॉटरप्रूफिंग असतं.

दुसऱ्या मिस्त्रीने फळ्या उचलून मधले पाच पाईप घातले, सात हजार घेतले. सासूबाई अजून दारातच खुर्ची टाकून बसतात.