मेंदूतल्या नव्या पेशी: आठवण टिकवतात की पुसतात?
एक बाजू म्हणते टिकवतात, कारण काल गाडी कुठे लावली आणि आज कुठे, अशा सारख्या गोष्टी वेगळ्या ठेवायला हिप्पोकॅम्पसमधल्या (मेंदूचा आठवणी सांभाळणारा भाग) नव्या पेशी कामी येतात.

पण मला दुसरी बाजू जाम भारी वाटते. 2014 मधे टोरांटोच्या टीमने उंदरांना शॉक देऊन एका पिंजऱ्याची भीती शिकवली, मग पळायला चाक दिलं, पळून पळून नव्या पेशी वाढल्या आणि ती भीतीच पुसट झाली! गिनीपिगची पिल्लं मात्र बऱ्यापैकी तयार मेंदू घेऊनच जन्मतात, नव्या पेशी कमी, त्यामुळे ती उंदराच्या पिल्लांसारखी पटकन विसरत नाहीत.

बाकी माणसात मोठेपणी या पेशी बनतात का, यावरच 2018 मधे दोन उलटसुलट पेपर आलेत.